कॉलेज नव्हतं तेव्हाची निष्ठा

मागच्या काही पोस्ट सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू आणि डेटाच्या नोंदी यांवर झाल्या. आज जरा वाट बदलतो. विषय आहे जुन्या कॉलेजवरचं प्रेम. ‘हा काय संशोधनाचा विषय?’ असं वाटेल. पण ‘बी.एस्सी., एम.एस्सी. जिथे केलं तिथेच पीएच.डी. करू का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं खरं उत्तर याच प्रेमात अडकलेलं असतं. म्हणून हे प्रेम मराठीत कसं लिहिलं जातं ते आधी तपासू.

कॉलेजच्या आठवणी हा मराठीतला एक भरभक्कम लेखनप्रकार आहे. सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, दिवाळी अंकातला लेख, आत्मचरित्रातलं एखादं प्रकरण. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात कॉलेजात गेलेल्या पिढीने तर असं लेखन भरपूर केलं. ते वाचायला गोड असतं. दगडी इमारत, शेक्सपिअर शिकवणारे कडक पण मायाळू प्रोफेसर, होस्टेलची मेस, गॅदरिंगचं नाटक, नदीवरची बोट, टेनिस. शेवटी एक उसासा, की आता तसं काही राहिलं नाही. चार लेख वाचा आणि पाचवा तुम्हीच लिहा, इतका हा साचा पक्का आहे.

माझी तक्रार त्या गोडव्याबद्दल नाही. आपण हे लेखन पुरावा म्हणून वापरतो, ही माझी तक्रार आहे. ‘त्या काळी शिक्षण कसं होतं’ असा विषय निघाला की आपण याच आठवणी पुढे करतो. मी केमिस्ट्रीचा माणूस. कुठलाही रिझल्ट समोर आला की पहिला प्रश्न असतो, सॅम्पल कुठून आणलं? तोच प्रश्न इथे विचारू.

सॅम्पल कुठून आलं?

आठवणी कोणी लिहिल्या? जे कॉलेजपर्यंत पोचले, टिकले, पास झाले आणि पुढे आयुष्यात स्थिरावले त्यांनी. संशोधनाच्या भाषेत याला निवडीतला दोष म्हणतात. बाजारात टिकलेल्या दुकानांनाच ‘धंदा कसा चालतो?’ विचारलं, तर बुडालेल्या दुकानांचा हिशेब कधीच हाती येत नाही. आठवणींचं तसंच आहे. अर्ध्यातून गाव गाठणारा मुलगा स्मरणिकेत लेख देत नाही.

आता हा दोष खानदेशात किती मोठा होतो ते बघा. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. पूर्वेचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचं धुळे. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं मूळजी जेठा कॉलेज, ज्याला आपण सगळे एम.जे. म्हणतो, ही दोन्ही सुरू झाली १९४५ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी. म्हणजे १९१८ ते १९३९ हा ‘कॉलेजजीवनाचा सुवर्णकाळ’ खानदेशात कॉलेजाशिवायच गेला.

चोपड्याचा, पारोळ्याचा, शिरपूरचा मुलगा मॅट्रिक झाला की त्याला घर सोडणं भाग होतं. पुण्यात फर्ग्युसन होतं, १८८५ पासूनचं. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज निघालं, ते पुढे सर परशुरामभाऊ म्हणजे आपलं एस.पी. झालं. नाशिकला एच.पी.टी. १९२४ मध्ये आलं. नाहीतर मुंबई, नाहीतर बडोदा. फी एक वेळ भरता यायची, पण खानावळ, खोली, गाडीभाडं हे सगळं वर्षानुवर्षं कोण भरणार? आपला भाग कापसाचा. १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. त्या वर्षांत पोराला पुण्याला ठेवायचं की परत बोलवायचं, हे कापसाच्या भावावर ठरणारी घरं आपल्याकडे असणारच. मुलींसाठी ही वाट किती अरुंद होती ते वेगळं सांगायला नको.

ही सगळी माणसं ‘आमचं कॉलेज’ या लेखनात नाहीत. त्यामुळे तो लेखनप्रकार खोटा ठरत नाही. पण तो कशाचा पुरावा आहे, हे बदलतं. तो त्या काळच्या शिक्षणाचा पुरावा उरत नाही. शिक्षण पूर्ण करू शकलेल्या माणसांना नंतर काय आठवावंसं वाटलं, त्याचा तो पुरावा आहे.

कादंबरीतलं कॉलेज

जे गेले नाहीत त्यांना कॉलेज भेटलं ते वाचनालयात. ना. सी. फडके स्वतः प्रोफेसर होते. त्यांच्या वीस-तीसच्या दशकातल्या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला सुशिक्षित, देखण्या, प्रेमात पडणाऱ्या तरुणांचं एक जग दिलं. जळगावच्या व. वा. वाचनालयासारख्या ठिकाणी पुस्तक बदलायला येणाऱ्या कितीतरी जणांसाठी पुण्या-मुंबईचं कॉलेज म्हणजे ते जग. रचना आणि भाषेची सफाई यांत फडक्यांना तोड नव्हती, हे मान्य. पण त्या जगात अभ्यास कुठे दिसतो? लॅब, लायब्ररी, नापास झालेला पेपर, मेसचं थकलेलं बिल? कॉलेज ही प्रेमकथेची मागची पडदी होऊन जाते.

म्हणजे एकीकडे गाळलेलं सॅम्पल, दुसरीकडे रंगवलेला पडदा. या दोन्हींतून ‘कॅम्पस लाइफ’ नावाची एक कल्पना तयार झाली, आणि ती आजही आपल्या डोक्यात आहे. ‘आमचं कॉलेज काय भो, तालुक्याचं’ असं आपली पोरं जे खालच्या आवाजात सांगतात ना, त्याचं मूळ इथे आहे. मोठी इमारत आणि मोठं नाव नसेल तर आपल्याला संशोधनाचा वारसाच नाही, अशी समजूत.

आणि इथेच खानदेशचा इतिहास आपल्याला एक उलटी गोष्ट सांगतो.

आधी संशोधन, मग कॉलेज

शाळा, मग कॉलेज, मग एम.एस्सी., मग संशोधन, ही शिडी आपण गृहीत धरतो. खानदेशात संस्था या क्रमाने आल्याच नाहीत. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं ते १९१६ मध्ये. तिथून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक १९२५ पासून निघू लागलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वचिंतकांमधलं फार मोठं नाव. त्यांचं ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक १९३० मध्ये प्रसिद्ध झालं, आणि प्रकाशनस्थळ कलकत्ता नव्हे, अमळनेर. पुढे ते काही काळ या संस्थेचे संचालकही होते.

साने गुरुजीही काही काळ या तत्त्वज्ञान मंदिरात होते. मग १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शाळेचं वसतिगृह सांभाळत होते. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढत. बाहेरगावची मुलं, एकत्र राहणं, रोज काहीतरी वाचायला मिळणं, ज्याला आपण कॅम्पस म्हणतो त्यातलं नेमकं कामाचं ते तिथे एका हायस्कुलात होतं.

तिकडे धुळ्यात १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याचं ‘संशोधक’ हे नियतकालिक १९३२ मध्ये सुरू झालं.

आता क्रम लावा. १९१६ अमळनेर, १९२७ धुळे, १९४५ पहिली कॉलेजं, १९९० उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. संशोधन संस्था आधी, पदवी कॉलेज नंतर, विद्यापीठ सगळ्यात शेवटी. तेव्हा ‘आपल्याकडे वारसा नाही’ हे म्हणणं पुराव्यावर टिकत नाही. वारसा आहे. फक्त तो बोटिंग-टेनिसच्या साच्यात बसत नाही, म्हणून आठवणींच्या लेखनात दिसत नाही.

राजवाडे: कॉलेजवर रागावलेला विद्यार्थी

धुळ्याच्या मंडळाला ज्यांचं नाव आहे ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांच्या नावावर. त्यासाठी ते गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यावरची, पेट्यांतली दप्तरं धुंडाळली. शेवटी ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले.

राजवाडे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. त्यांनी आपल्या शिक्षणावर एक लेख लिहिला आहे, ‘कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव’. संशोधनाला येऊ घातलेल्या प्रत्येकाने तो वाचावा असं माझं मत आहे. नेहमीच्या आठवणींच्या साच्याच्या तो बरोबर विरुद्ध टोकाला आहे. शाळा आणि कॉलेजातल्या शिकवण्यावर राजवाडे कोरडे ओढतात. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालय आणि व्यायाम यांतून आपण घडलो, असा त्यांचा एकूण सूर. उसासा नाही, हळवेपणा नाही. शिक्षणातून नेमकं काय मिळालं, याचा सरळ हिशेब.

पण टीका करायची तर दोन्हीकडे करायला हवी. हाही एकाच माणसाचा, वर्षांनंतर लिहिलेला जबाब आहे. राजवाड्यांचा स्वभाव तापट. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करणाऱ्यांत ते होते, आणि पुढे त्याच मंडळाशी त्यांचं बिनसलं. प्रेमाने जशी आठवण वाकते तशी रागानेही वाकते. शिवाय ज्या ग्रंथालयाने त्यांना घडवलं ते कॉलेजचंच होतं ना? वर्ग नावडला तरी होस्टेल आणि ग्रंथालय त्यांनी पुरेपूर वापरलं. म्हणजे कॉलेजने त्यांना काही दिलं नाही, हे त्यांच्या स्वतःच्या जबानीतूनच सिद्ध होत नाही.

तरी मी या लेखाला जास्त मार्क देतो. कारण त्यातली विधानं तपासता येतात. ‘आमचे सर देवमाणूस होते’ हे वाक्य बरोबर की चूक, कसं ठरवणार? ‘हा विषय असा शिकवला गेला आणि त्यातून अमुक आलं नाही’ या वाक्यावर मात्र वाद घालता येतो. पेपर लिहितानाही हाच फरक लक्षात ठेवा. ज्या वाक्याशी कुणी भांडूच शकत नाही, ते वाक्य शास्त्रात फारसं कामाचं नसतं.

राजवाडे गेल्यावर धुळ्याच्या लोकांनी काय केलं? काही दिवसांतच, जानेवारी १९२७ मध्ये, मंडळ स्थापन झालं. त्यांच्यामागे उरलेली टिपणं आणि कागदपत्रं सांभाळायची, लावायची आणि छापायची, हे काम समोर होतं. राजवाड्यांनी जमवलेल्या मराठी धातूंच्या सामग्रीचा कोश कृ. पां. कुलकर्णी यांच्या संपादनाखाली मंडळाने १९३७ मध्ये काढला. दहा वर्षांचं ते काम. या लोकांचं राजवाड्यांवर प्रेम होतंच, भक्तीच म्हणा. पण त्या भक्तीचा नुसता पुतळा झाला नाही, तिचा कोशही झाला. राजवाड्यांचं मत ज्याला पटत नाही तोही तो कोश उघडून वापरू शकतो. निष्ठेची माझी कसोटी हीच आहे. ती निष्ठा नसलेल्या माणसाच्या उपयोगाचं त्यातून काही निघालं का?

डेक्कन कॉलेज: प्रेमाची केस कोर्टात

राजवाड्यांच्या त्याच डेक्कन कॉलेजची पुढची गोष्ट या कसोटीवर घासून बघू. आता आपण १८८० च्या दशकातून १९३४ मध्ये आलो आहोत.

डेक्कन कॉलेजचं मूळ १८२१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेत. १८६४ पासून ते डेक्कन कॉलेज. रा. गो. भांडारकर तिथे शिकवायचे, टिळक-आगरकर तिथे शिकले. टिळकांची होस्टेलमधली खोली आजही जपलेली आहे. ‘आमचं कॉलेज’ या साच्यात लागतं ते सगळं तिथे होतं, येरवड्याची दगडी इमारत आणि जवळची नदी धरून. आणि १९३४ मध्ये मुंबई सरकारने हे कॉलेज बंद केलं.

इथे माजी विद्यार्थ्यांसमोर दोन वाटा होत्या. हळवे लेख लिहिणं आणि कागद काढणं. त्यांनी कागद काढले. कॉलेजच्या उभारणीत सर जमशेटजी जिजीभाई यांची देणगी होती. अशा विश्वस्त पैशावर उभी राहिलेली संस्था सरकारला मनाला येईल तेव्हा मोडता येते का, हा प्रश्न घेऊन ते कोर्टात गेले. ‘आम्हाला आमचं कॉलेज आवडतं’ हा मुद्दा कोर्टात चालत नाही. देणगीच्या अटी काय होत्या, हा मुद्दा चालतो. भावना आधी होतीच, पण उभी राहिली ती दस्तऐवजावर.

१७ ऑगस्ट १९३९ ला डेक्कन कॉलेज परत उघडलं. पण कुठलं? बी.ए.चे वर्ग, गॅदरिंग, बोटिंग यांचं ते जुनं कॉलेज परत आलं नाही. आली ती पदव्युत्तर आणि संशोधन संस्था. सु. मं. कत्रे, इरावती कर्वे, ह. धी. सांकलिया ही माणसं तिथे कामाला लागली. भाषाशास्त्र, समाजशास्त्र-मानववंशशास्त्र आणि पुरातत्त्व यांत या संस्थेने पुढे जे काम केलं, ते देशभर वाचलं जातं.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. ज्या कॉलेजवर त्यांचं प्रेम होतं, ते रूप त्यांना परत मिळालं नाही. नाव, जागा आणि ग्रंथ वाचले, बाकी सगळं बदललं. ‘आमच्या वेळी होतं तसंच पाहिजे’ हा हट्ट चालला असता, तर कदाचित एक जुनं कॉलेज थोडी वर्षं आणखी रेटलं गेलं असतं. सांकलियांचं पुरातत्त्व तिथे उभं राहिलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

आणि याचा खानदेशशी संबंध काय? सरळ आहे. पुढे १९८० च्या दशकात याच डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी धुळे जिल्ह्यात कवठे इथे उत्खनन केलं. तापी खोऱ्यातल्या ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला तापीकाठच्या सावळदा गावावरून ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात, तिथल्या लोकांची घरं, भांडी, खाणंपिणं समजायला त्या उत्खननाची मोठी मदत झाली. १९३४ मध्ये कोर्टाची पायरी चढणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या डोक्यात कवठे नक्कीच नसणार. त्यांच्या निष्ठेचं फळ अशा गावाला मिळालं ज्याचा त्यांच्या कॉलेजजीवनाशी काही संबंध नव्हता. माझ्या कसोटीवर हे पूर्ण मार्कांनी पास.

मग तुमचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्याच कॉलेजात, आपल्याच डिपार्टमेंटला पीएच.डी. करावी का?

करू नये, असं मी म्हणणार नाही. घरची परिस्थिती, फेलोशिप, लॅबमधलं इन्स्ट्रुमेंट, गाईडचा विषय अशी खरी कारणं असतात आणि ती वजनदार असतात. पण ‘सर ओळखतात’, ‘इथलं वातावरण आपलं आहे’ ही कारणं स्मरणिकेतली आहेत. ती कागदावर लिहून बघा आणि प्रत्येकासमोर विचारा, याने माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला काय फरक पडतो? दोन-तीन ओळींत सांगता आलं नाही तर ते कारण बाजूला ठेवा.

कारण संशोधनात निष्ठेची किंमत मोजावी लागते. ज्या लॅबमध्ये आपण वाढलो, तिचा जुना रिझल्ट चुकतोय असं दिसलं तर तो बोलून दाखवायची हिंमत लागते. सगळे पंचवीस वर्षं एकाच छपराखाली असले की ती हिंमत कमी होते. कुणी दुष्ट असतं म्हणून नव्हे. ज्यांच्या हातचा चहा प्यायलो त्यांच्या टेबलाला चूक म्हणणं माणसाला जड जातं. तुम्ही तिथेच राहणार असाल तर निदान सहा महिने दुसऱ्या लॅबमध्ये काम करून या. तुमचे रिझल्ट बाहेरच्या माणसाला तपासायला द्या. नोंदवही अशी ठेवा की तुमच्यावर माया नसलेला माणूसही तीवरून तुमचा प्रयोग पुन्हा करू शकेल.

आणि तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्यांसाठी एक खास गोष्ट. मुलाखतीत ‘कुठलं कॉलेज?’ विचारतील तेव्हा नाव स्पष्ट सांगा आणि लगेच तिथे केलेलं एक काम सांगा. कुठला प्रयोग, काय निघालं, कुठे अडलं. अमळनेरहून निघणाऱ्या त्रैमासिकाला कॅम्पसचा दिमाख लागला नव्हता, त्यातले लेख पुरेसे होते.

माजी विद्यार्थी मेळाव्यांवरही माझा राग नाही. जा, जेवा, फोटो काढा. पण तिथे गेलात तर जुन्या मंडळींना नुसत्या आठवणी विचारू नका. कॉलेजच्या मासिकाचा जुना अंक आहे का, प्रॅक्टिकलचं जुनं जर्नल आहे का, फीची पावती, होस्टेलच्या मेसचा हिशेब, वर्गातून गळालेल्या एखाद्या मित्राचं पत्र, असलं काही मागा. तारखेसकट फोटो काढून ठेवा आणि कॉलेजच्या ग्रंथालयात द्या. ‘आमचं कॉलेज’चा पुढचा लेख लिहिणाऱ्याला मग निदान गळालेल्यांचीही काही नावं सापडतील.

पुढच्या पोस्टमध्ये नोंदवहीबद्दलच सविस्तर लिहितो. प्रश्न असतील तर पाठवा.